खिंडीपलीकडची जत्रा

त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं आणि वारा उलटा, खिंडीकडून गावाकडे वाहत होता. कोणत्या राजाच्या काळातली ही गोष्ट, ते आता कुणाला आठवत नाही. पण त्या वाऱ्यावरून नगाऱ्याचा आवाज आला, एवढं खरं.

डोंगराखालच्या त्या गावातले सगळे धडधाकट पुरुष लढाईला गेले होते. गुरुजींचा एकुलता एक मुलगाही गेला होता. शाळेतली मुलं सारखी विचारायची, आमचे बाबा कुठं गेले? गुरुजींचा जीव तुटायचा. त्यांनी सांगून टाकलं होतं, की सगळे खिंडीपलीकडच्या जत्रेला गेलेत, येताना खेळणी आणतील. शेजारचा म्हातारा घोंगडी विणता विणता म्हणायचा, "यंदा जत्रा फार लांबली, गुरुजी." गुरुजी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. सांगून सांगून त्यांनाही ती जत्रा दिसू लागली होती. उंच पाळण्यात बसलेला आपला मुलगा, हसणारा.

त्या दिवशी गुरुजी आले तर शाळा रिकामी. सातही मुलांची बसायची बसकरं गुंडाळून ठेवलेली. धूळपाटीवर बोटानं लिहिलं होतं, जत्रेचा नगारा वाजतोय, बाबांना आणायला जातो.

गुरुजी अनवाणीच धावले. अर्ध्या खिंडीत मुलं सापडली. सगळ्यांत धाकटीच्या फडक्यात एक भाकरी होती. बाबांना भूक लागली असेल, म्हणाली. पलीकडे धूर उठत होता.

गुरुजी तिथंच दगडावर बसले. मुलांना जवळ घेऊन म्हणाले, "मी खोटं बोललो. पलीकडे जत्रा नाही, लढाई आहे. तिथं माणसं माणसांना मारतात. माझा मुलगाही तिथंच आहे."

"तो परत येईल?" धाकटीनं विचारलं.

"मला ठाऊक नाही, बाळा. मी रोज वाट पाहतो."

मग तिनं भाकरी मोडली आणि अर्धी गुरुजींच्या हातावर ठेवली. "आता आपण मिळून वाट पाहू."

तेव्हापासून शाळा सुटली, की सगळी शाळेच्या ओट्यावर खिंडीकडे तोंड करून बसायची. मनात येईल ते विचारायची. गुरुजींना ठाऊक असेल तेवढं ते सांगायचे, नसेल तिथं नाही म्हणायचे. एकटं खिंडीकडे पुन्हा कुणी गेलं नाही.

पुढं कुणाचे बाबा आले, कुणाचे नाही आले. गुरुजींचा मुलगा आला नाही.

तरी ते ओट्यावर बसतच राहिले, आणि मुलं त्यांना टेकून. एका संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्यानं हातातलं घोंगडं बाजूला ठेवलं आणि तोही येऊन बसला. खिंडीकडे पाहत म्हणाला,

"गुरुजी, मुलांना खऱ्याची भीती वाटते, पण कुणी हात धरला तर ती ते सोसतात, खोट्याच्या मागं मात्र ती एकटीच चालत जातात."