तारेवरचं बोट

"पण बुवा, मी दमलेलोच नाही. मग वीणा का देऊ?"

हैबतीबुवा ऐकत होते. खांबाला टेकून बसले होते, तसेच बसून राहिले.

विश्वंभर मास्तर मंडपाच्या मधोमध उभे होते. गळ्यात वीणा. सकाळी सहाला त्यांनी ती घेतली होती, आठला द्यायची होती. आता बारा वाजत आले होते.

कुरणवाडीच्या सप्ताहाचा तो पाचवा दिवस. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि तिची तार थांबू द्यायची नाही, एवढाच नियम. दोन दोन तासांचे पहारे. पुढचा माणूस आंघोळ करून येतो, उभ्या माणसाच्या पाया पडतो आणि आपलं बोट तारेवर ठेवतो. त्याच्या बोटाखाली तार वाजली की मगच पहिला आपलं बोट उचलतो. मध्ये श्वासाएवढीही शांतता पडत नाही. नव्वद वर्षांत एकदाही पडलेली नाही, असं गावातली म्हातारी माणसं सांगतात.

हार गुंफत बसलेली कोंडाबाई म्हणाली, "मास्तर शाळेतसुद्धा असेच होते. घंटा झाली तरी पोरांना सोडायचे नाहीत."

दोघी-तिघी हसल्या. मास्तर हसले नाहीत.

मंडपाच्या कडेला दिगंबर उभा होता. मास्तरांच्या बायकोचा भाऊ. आठचा पहारा त्याचा होता. पाय अनवाणी, कपाळावर बुक्का, तोही आता घामानं ओघळलेला. पावणेआठपासून तो तिथे होता. दोनदा पुढे आला. दोन्ही वेळा मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

देणाऱ्यानं नजर दिल्याशिवाय वीणा घेता येत नाही. दहाचा माणूस आला, वाट पाहिली आणि जेवायला निघून गेला. मग कुणीतरी बुवांना बोलावून आणलं.

बुवांचं वय ऐंशीच्या पुढे. मास्तरांच्या लहानपणी त्यांच्या हातात पहिल्यांदा टाळ दिले ते बुवांनीच.

"दमला नाहीस," बुवा म्हणाले. "बरं. मग पाय का थरथरतायत?"

"थरथरू देत."

"कुणालाच द्यायची नाही, की याला द्यायची नाही?"

मास्तरांचं बोट तारेवर फिरत राहिलं.

"पहाऱ्यांच्या पाटीवर नावं तूच लिहिलीस ना? अक्षर चांगलं म्हणून दरवर्षी तुलाच सांगतो आम्ही."

"याचं नाव मी लिहिलं नव्हतं. ते वाकडं अक्षर तुमचं आहे."

"माझंच आहे."

"का लिहिलंत?"

बुवांनी दिगंबरकडे पाहिलं.

…

मास्तर बोलू लागले. आवाज हळू होता. तारेच्या सुराखालून आल्यासारखा.

"एकोणीस रात्री मी माझ्या सुमीच्या खाटेशेजारी बसलो, बुवा. दवाखान्यातल्या लोखंडी स्टुलावर. तिच्या आईला बसू दिलं नाही, कुणालाच नाही. विसाव्या दिवशी सकाळी हा आला. म्हणाला, दाजी, मी बसतो, तुम्ही घरी जाऊन आंघोळ करून या. मी नको म्हणालो. हा म्हणाला, तासाभराचा प्रश्न आहे…"

"आणि तू गेलास."

"गेलो."

मंडपातल्या बायकांचे हात थांबले होते. फुलं मांडीवर तशीच.

"पाणी कढत होतं," मास्तर म्हणाले. "पहिला तांब्या अंगावर घेतला आणि… बरं वाटलं मला. एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा. मी दुसरा घेतला. तिसरा घेतला. उगाच बसून राहिलो तिथे, वाफेत. तेवढ्यात ती गेली."

…

"सतरा वर्षांची होती, बुवा. मी नव्हतो. आता मी कुणाला माझ्या जागी बसू देणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही."

बुवा खांबाला धरून उठले. उठायला त्यांना वेळ लागला. हळूहळू मास्तरांच्या समोर येऊन उभे राहिले.

"डावा अंगठा कुठे आहे तुझा?"

"दांडीवर."

"दांडीवर कुठे?"

मास्तरांनी खाली पाहिलं. दांडीच्या कडेला एक खळगा होता. बोराएवढा, गुळगुळीत. अंगठा त्यात आपोआप बसला होता. सकाळपासून तिथेच होता, पण त्यांना तो जाणवला नव्हता.

"कुणी कोरला तो?"

"कोरलेला नाही. झिजून पडलाय."

"किती अंगठ्यांनी?"

मास्तर खळग्याकडे बघत राहिले.

"माझ्या आज्यानं धरली होती इथेच. तुझ्या आज्यानं धरली. धनगराचा म्हाळू, कोंडाबाईचा सासरा… सगळ्यांचा अंगठा याच जागी. त्यातला एक तरी आहे का आज?"

"नाही."

"गेले. पण जाताना एकाच्याही गळ्यात ती नव्हती. वेळेवर देऊन टाकली होती, म्हणून तुझ्यापर्यंत आली."

मास्तरांचा अंगठा त्या खळग्यात किंचित हलला. मग तिथेच घट्ट दाबला गेला.

"ते निराळे, बुवा. त्यांना देताना काही गमवावं लागलं नव्हतं."

बुवा हसले. त्यात आनंद नव्हता.

"मी याच जागी उभा होतो," ते म्हणाले. "एकतीस वर्षं झाली. माझी बायको सरू घरात आजारी. निरोप आला, बुवा, चला, ती विचारतेय. दोघं जण पुढं आले, म्हणाले आम्ही वीणा घेतो. मी मान हलवली. माझी पाळी आहे, संपल्यावर येतो. पुन्हा निरोप आला. पुन्हा मान हलवली."

"मग?"

"पाळी संपवून गेलो. तिरडी बांधत होते."

कोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. गावात सगळ्यांना ते ठाऊक होतं. बुवांच्या तोंडून मात्र कुणी ऐकलं नव्हतं.

"लोक म्हणाले, केवढी निष्ठा!" बुवा म्हणाले. "खोटं कशाला बोलू? ऐकून मलाही बरं वाटलं. तासभर."

…

"तू जागा सोडलीस, म्हणून नव्हतास. मी सोडली नाही, म्हणून नव्हतो."

मास्तरांनी पहिल्यांदा बुवांच्या डोळ्यांत पाहिलं.

"मग काय करायला हवं होतं आपण?"

"ते मला माहीत असतं, तर दरवर्षी इथे येऊन उभा राहिलो असतो का? एवढंच कळलं, की तेव्हापासून घड्याळाचा काटा वेळेवर पोचायच्या आत मी वीणा काढून देतो. लोकांना वाटतं, बुवा थकले."

बाहेर पंगत बसत होती. पत्रावळ्या टाकल्याचा आवाज येत होता. आत मात्र एकच सूर. सकाळपासून तोच, कालपासून तोच, आणि ऐकणाऱ्याला असं वाटावं की तो कुणी वाजवत नाही, तो आहेच आणि माणसं फक्त त्याच्याजवळ येऊन उभी राहतात.

बुवांनी मंडपाच्या कडेला बोट दाखवलं.

"त्याला विचारलंस कधी?"

"काय?"

"त्या तासाचं."

मास्तरांनी नजर काढून घेतली.

"किती महिने झाले?"

"अकरा."

"अकरा महिन्यांत एकदाही नाही?"

"नाही."

"म्हणजे तुझ्या जागी तू त्याला बसवलंस," बुवा म्हणाले, "आणि परत गेलाच नाहीस. तो अजून त्या स्टुलावरच आहे, विश्वंभर. त्याला उठवायला कुणी आलंच नाही."

…

मास्तरांनी मान वळवली.

दिगंबर तिथेच होता. किती वाळला होता तो! सदरा खांद्यांवरून लोंबत होता. दोन्ही हात त्यानं पोटाशी एकमेकांत गुंतवून धरले होते, आवळून, जणू सोडले तर पळून जातील.

"दिगंबर," मास्तर म्हणाले.

तो दोन पावलं पुढे आला आणि थांबला.

"सांग."

"दाजी, इथे नको…"

"इथेच सांग."

दिगंबरनं बुवांकडे पाहिलं. मग जमिनीकडे.

"पाय दुखतात म्हणाली. मी चेपत बसलो. म्हणाली, बाबा कुठे गेले? म्हटलं, आंघोळीला, येतीलच आता. तर…"

"तर?"

"हसली."

तारेवरचं बोट जड झालं.

"म्हणाली, बरं झालं मामा, पाठवलंस ते. वास मारत होते बाबा. चार दिवसांपासून सांगायचं होतं, पण त्यांना वाईट वाटलं असतं."

मास्तरांच्या घशातून एक आवाज आला. हसण्याचा की कसला, ते कुणाला कळलं नाही. सूर हलला, पण तुटला नाही.

"मग डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. लागू दे म्हटलं, एकोणीस दिवस झोप नव्हती तिला. मी चेपतच राहिलो, दाजी. आवाज न करता, हळू हळू. किती वेळ, ते माहीत नाही. नर्सबाई आल्या, त्यांनी माझे हात धरले. म्हणाल्या, काका, आता राहू द्या…"

त्यानं गुंतवलेले हात सोडले. ते खरंच थांबत नव्हते. अंगठे हवेत फिरत होते, कुणाचे तरी तळपाय धरल्यासारखे.

"अजून होतं हे. उशीवर, सायकलच्या मुठीवर. बायको विचारते, काय चेपताय? तिला काय सांगू? तुम्हाला सांगायचं होतं. पण तुम्ही बघतच नव्हता."



मग विश्वंभर मास्तरांनी एक गोष्ट केली, जी त्या मंडपात कधी कुणी केली नव्हती. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, ही रीत. मास्तर वीणा गळ्यात असतानाच खाली वाकले, दिगंबरच्या पायांकडे.

"दाजी! वीणा!"

थकलेले गुडघे एकदम मोडले. वीणेचा भोपळा झपकन खाली आला. बायकांच्या तोंडून "अगं आई" निघालं…

जमिनीच्या वर चार बोटं तो थांबला.

हैबतीबुवांचा तळहात त्याच्याखाली होता. इतकी थकलेली म्हातारी काया खाली केव्हा बसली, हात केव्हा पुढे झाला, कुणीच पाहिलं नाही. बुवा जमिनीवर होते, हात मातीवर उताणा, आणि त्या हातावर वीणा.

मास्तरांचं एक बोट तारेवर फिरतच होतं. दुसऱ्या हातानं त्यांनी दिगंबरची पावलं धरली. आणि नकळत, हळू हळू, चेपू लागले.

दिगंबर थिजल्यासारखा उभा राहिला. मग गुडघ्यांवर आला. त्याचा हात पुढे झाला आणि बोट तारेवर, मास्तरांच्या बोटाशेजारी टेकलं.

काही क्षण दोन्ही बोटं वाजत होती. वीणा तिघांच्या मध्ये होती, कुणाच्याच गळ्यात नव्हती म्हणावं अशी. सूर एकच येत होता.

मग मास्तरांनी आपलं बोट उचललं.

सूर तसाच राहिला.

ते तिथेच बसून ऐकत राहिले, तोंड किंचित उघडं ठेवून, लहान मुलं आभाळातलं विमान बघतात तसे. सहा तास त्यांनी ती तार वाजवली होती. ऐकली आत्ता.

कोंडाबाई पुढे आली. तिनं पट्टा मास्तरांच्या मानेवरून काढून दिगंबरच्या गळ्यात घातला. दिगंबर उभा राहिला. त्याचा डावा अंगठा दांडीवर चाचपडला, खळगा सापडला आणि त्यात जाऊन बसला. तेवढा हात तरी शांत झाला.

मास्तर अजून जमिनीवरच होते. त्यांचं मोकळं बोट हवेत फिरत होतं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं धरलं, बुवांकडे पाहिलं.

"बुवा… आता मी काय करू?"

बुवा तळहाताची माती धोतराला पुसत होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं. बारा ते दोनच्या रकान्यातल्या नावाला हातानंच एक रेघ मारल्यासारखं केलं; तो पहारा आता दिगंबरचा. त्याखाली, दोन ते चार, मास्तरांच्याच सुंदर अक्षरात लिहिलं होतं: हैबतीबुवा.

"जेवून घे," ते म्हणाले. "चार वाजता मला सोडवायला ये."