रिकाम्या खुर्चीला दिलेला होकार

एका कला महाविद्यालयात एकदा एक अत्यंत हुशार विद्यार्थिनी होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला पुरतेपणी ठाऊकही होते. वृत्तवाहिनीवर मुलाखती घ्यावयाच्या, हे तिने शाळेत असतानाच ठरविले होते. वाणी स्वच्छ, उच्चार शुद्ध, बसणे ताठ. देवाने देताना हात आखडता घेतला नव्हता. तिची तक्रार एकच होती. या महाविद्यालयात कॅमेऱ्याचा तास आठवड्यातून एकदा, आणि इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र मात्र रोज!

अशातच एका मोठ्या वृत्तवाहिनीने उमेदवार मागविले. स्वतः घेतलेल्या मुलाखतीची चित्रफीत पाठवावयाची, सोबत गुरूंची शिफारस जोडावयाची, आणि निवड झाल्यास तत्काळ रुजू व्हावयाचे. निवड झाली की पदवी अर्ध्यावर सोडावयाची, असे विद्यार्थिनीने मनाशी पक्के केले.

तिच्या गुरू म्हणजे नभोवाणीवर उभे आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या एक वृद्ध बाई. चित्रफीत घेऊन ती त्यांच्याकडे गेली.

“बाई, आपल्या गावच्या शेठजींची मुलाखत घेतली आहे. उद्या सायंकाळपर्यंत पाठवायची आहे. तुमची शिफारस हवी.”

“आणि पदवी?”

“रागावू नका, बाई. पण दुष्काळाची कारणे पाठ करून कॅमेऱ्यापुढे काय उपयोग?”

बाई रागावल्या नाहीत. “लाव पाहू फीत,” एवढेच म्हणाल्या.

गावच्या तळ्याकाठी खुर्ची टाकून शेठजी बसले होते. “हे तळे आमच्या आजोबांनी एकहाती बांधले,” ते सांगत होते. “पाऊस रुसला, गावच्या विहिरी कोरड्या पडल्या, त्या साली. आता भोवती भिंत घालून मी मंगल कार्यालय उभारणार. आमच्या घरचे तळे. गावाने आडवे येण्याचे कारण काय?” लगेच विद्यार्थिनीचा चेहरा दिसला. किंचित स्मित करून, सारे उमगल्याप्रमाणे, तिने मान डोलावली.

“ही मान केव्हा डोलावलीस?” बाईंनी विचारले.

“शेठजी गेल्यावर. रीतच आहे तशी.”

ते खरे होते. कॅमेरा एकच असेल तर आधी पाहुण्याचे बोलणे चित्रित करतात. पाहुणा उठून गेला की मुलाखत घेणारा रिकाम्या खुर्चीकडे पाहून माना डोलावतो, आणि मागाहून त्या माना बोलण्याच्या मध्ये मध्ये बसवितात. पाहणाऱ्यास वाटते, काय तन्मयतेने ऐकते आहे ही!

“छान डोलावतेस,” बाई म्हणाल्या. “फीत आज माझ्याकडे राहू दे. आणि ही फीत घेताना कॅमेरा चालविणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला माझ्याकडे धाड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थिनी शिफारशीच्या आशेने आली. बाईंनी फीत लावली. शेठजी त्यात नव्हतेच. पडद्यावर एकटी ती होती, आणि मागून आवाज बाईंचा येत होता.

“सूर्य पश्चिमेस उगवतो,” बाईंचा आवाज म्हणाला. पडद्यावरील मुलीने समजूतदारपणे मान डोलावली.

“काल रात्री आगीत गावातली दहा घरे जळाली.” तिने स्मित करून मान डोलावली.

“ही मुलगी मठ्ठ आहे. हिला कोणतीही वाहिनी दारात उभी करणार नाही.” तिने पुन्हा, अधिकच आदराने, मान डोलावली.

कोपऱ्यात उभ्या असलेल्या मैत्रिणीला हसू आवरेना. “अगं, नुसता नंदीबैल गं! पाऊस पडेल का विचारू?”

विद्यार्थिनीचा चेहरा लाल झाला. “बाई, ही माझी थट्टा झाली.”

“झाली खरी,” बाई म्हणाल्या. “पण शब्द माझे असले तरी मान तुझीच आहे. मुली, मान डोलावणे एका उन्हाळ्यात कोणासही साधते. ती कोठे थांबवावी, हे मात्र कॅमेरा शिकवीत नाही. समोरच्याच्या वाक्यामागे काय असावयास हवे, ते आधी आपल्या डोक्यात असेल, तरच मान वेळेवर अडते. आमच्या नभोवाणीवर मान कोणास दिसत नसे, म्हणून ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते. तुझी मान साऱ्यांना दिसणार. शहाण्या मुलीला पटले, म्हणजे खरे असेल, असे लोक धरून चालणार. शेठजींना तू साऱ्या गावाच्या वतीने होकार दिलास. आणि दिलास तोही रिकाम्या खुर्चीला.”

विद्यार्थिनीने शेठजींचे बोलणे मनातल्या मनात पुन्हा ऐकले. मग स्वतःशीच पुटपुटली, “विहिरी आटल्या त्या साली... एकहाती?” परीक्षेसाठी घोकलेला दुष्काळाचा धडा तिला आठवला. शेते ओस पडत, तेव्हा गावेच्या गावे मूठभर धान्यासाठी तळी खणावयास जात. ती ताडकन उठली. “कॅमेरा घे गं,” मैत्रिणीला म्हणाली, “शेठजींकडे जायचे आहे.”

“पुन्हा?” शेठजींनी विचारले. “का, नीट दिसलो नाही की काय?”

“तुम्ही छान दिसलात, शेठजी. मीच नीट ऐकले नव्हते.”

या वेळी तळ्याकाठी कॅमेरा असा ठेवला, की दोघेही एकाच चौकटीत यावेत. शेठजींनी तेच सांगितले. विद्यार्थिनीची मान हलली नाही. शेठजी थांबले, त्यांनी टोपी सारखी केली, मानेची वाट पाहिली. ती हलेना.

“त्या साली खणायला कोण होते, शेठजी?”

“खणायला? गाव होते. दुसरे कोण असणार? आजोबा धान्य देत, लोक माती उपसत. पोर काखेत घेऊन बायका टोपल्या वाहत, असे आमची आजी सांगे.” शेठजी पाण्याकडे पाहत राहिले. सज्जन गृहस्थ होते. त्यांना हे आजवर कोणी विचारलेच नव्हते. “धान्य आमचे आणि घाम गावाचा, असे म्हणा हवे तर,” ते सावकाश म्हणाले. “भिंतीचे मग गावाला विचारूनच ठरवायला हवे.”

तेव्हा मात्र तिची मान आपोआप हलली. एकदाच.

सायंकाळी बाईंनी ती फीत पाहिली आणि शिफारस लिहावयास घेतली.

“बाई, पदवी झाल्यावर रुजू होईन, असेही लिहा.”

“आणि ते तोवर थांबले नाहीत, तर?”

“तर दुसरे कोणी थांबेल, बाई. मला अजून पुष्कळ ऐकायला शिकायचे आहे.”

बाईंनी तसे लिहिले. त्यांची मान हलली. आणि समोरची खुर्ची रिकामी नव्हती.