उजवा हात

"जोडीदाराशिवाय नाचायला शिकवाल ना मला?"

मकरंद टिपणीसनं हे विचारलं तेव्हा पापा लिबोरिओ अंगणात बसून ढोलाच्या दोऱ्या आवळत होते. ढोल कसला, दारूचं जुनं पिंप. तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. पोर्तो रिको बेटाच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात बोंबा हा नाच असल्याच पिंपांवर चालतो. उसाच्या मळ्यांत राबवलेल्या आफ्रिकी गुलामांचा तो नाच. नावावर हसू नये.

"जोडीदाराला काय झालं?" पापांनी मान वर न करता विचारलं.

"ती नाही आता."

पापांनी दोरीला आणखी एक पीळ दिला.

मकरंद पुण्यात साल्सा हा जोडीचा नाच शिकवायचा. तो आणि त्याची बायको अनघा. दोघांनी स्पर्धा जिंकल्या, नाव कमावलं, आणि मकरंदच्या डोक्यात त्याची थोडी हवाही गेली होती. मग अनघा आजारी पडली आणि गेली. तेव्हापासून वर्गाला कुलूप होतं. दुसऱ्या कुणाबरोबर त्याला नाचवेना आणि एकट्यानं जमेना. बोंबात माणूस एकटाच ढोलासमोर उभा राहतो, हे कळल्यावर त्यानं तिकीट काढलं. इथं जमलं तर वर्ग उघडायचा, नाहीतर नाचणं कायमचं सोडायचं, असं घरी सांगून निघाला होता.

"पायांची काळजी नको," तो म्हणाला. गाण्यांपायी शिकलेलं त्याचं स्पॅनिश तोडकंमोडकं होतं, पण ऐट शाबूत होती. "पाय तयार आहेत माझे."

"बघू," पापा म्हणाले.

पापांची लेक मिलाग्रोस दुसरा ढोल घेऊन बसली. तिचा ढोल नुसता ठेका धरणार होता. बोलणारा ढोल पापांचा.

"आधी पापांच्या ढोलाला वाकून सलाम करायचा," तिनं सांगितलं. "मग नाचायचं. पण ढोल वाजेल तसं नाचायचं नाही हं. तू अंगानं विचारायचं, ढोल उत्तर देईल."

मकरंदनं सलाम केला आणि नाचला. सुरेखच नाचला. गिरक्या काय, पायांची लगबग काय, मिलाग्रोस ठेका धरता धरता बघत राहिली.

पापांचे हात मात्र गुडघ्यांवरच होते.

"वाजवा ना!"

"कुणासाठी?"

...

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मकरंद घामानं निथळायचा, मिलाग्रोसचा ठेका चालायचा, आणि पापा समोर ढोल घेऊन गप्प. म्हाताऱ्याला ऐकू तरी येतं की नाही, अशी शंका मकरंदला येऊ लागली होती.

अंगणाच्या भिंतीवर खिळ्याला एक पांढरा घेरदार परकर टांगलेला होता. उन्हानं पार पिवळा पडलेला.

"हा कुणाचा?" त्यानं मिलाग्रोसला विचारलं.

"आईचा. ती होती तोवर ती नाचायची, पापा वाजवायचे."

चौथ्या दिवशी मकरंदचा तोल सुटला.

"चुकतंय कुठं ते तरी सांगा! पाय चुकतात?"

"पाय छान."

"कंबर?"

"छान."

"मग?"

पापा कष्टानं उठले. गुडघे धरत त्याच्यासमोर आले आणि त्याच्या उजव्या हातावर त्यांनी बोट टेकवलं.

हात वर होता. कोपरात वाकलेला, छातीच्या उंचीवर, तळवा किंचित खोलगट.

"इथं कोण आहे?"

मकरंदनं स्वतःच्या हाताकडं पाहिलं. तो वर आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं तो हात अनघाच्या पाठीवर होता.

"सवय आहे," तो म्हणाला.

"गिरकी घेताना तू बाजूला सरकतोस. तिला जागा करून देतोस."

"चांगली नाचत असेल," पापा म्हणाले.

"फार चांगली."

"मग ढोलानं उत्तर द्यायचं कुणाला?"

पापा परत जाऊन ढोलामागं बसले.

"नाच."

त्यानं सलाम केला. उजवा हात अंगाशी घट्ट धरून नाचायला लागला. दोन पावलांत हात वर आला. त्यानं तो खाली ओढला. तो पुन्हा वर आला. मकरंदला स्वतःचा राग आला, मग हाताचा राग आला, मग अनघाचासुद्धा आला, आणि तो आला म्हणून त्याला लाज वाटली. पाय अडखळले. इतक्या वर्षांत कुणी त्याला अडखळताना पाहिलं नव्हतं.

शेवटी तो अंगणाच्या मधोमध थांबला. मिलाग्रोसचा ठेका चालूच होता. हात तेवढा हवेत राहिला होता.

तो हाताकडं बघत राहिला...

मग त्यानं बोटं उघडली. फार सावकाश उघडली, आणि हात खाली सोडला.

धम्म!

पापांचा ढोल बोलला. एकदाच.

मकरंद दचकला. इतके दिवस याच आवाजासाठी तो झटत होता. आनंद व्हायला हवा होता. पण तो होता तिथं मातीत बसला.

"गेली," तो म्हणाला. स्पॅनिश सुटून तो मराठीतच बोलत होता. "आत्ता गेली. दवाखान्यात नव्हती गेली ती. आत्ता गेली."

पापांना शब्द कळले नाहीत. त्यांनी विचारलंही नाही.

मिलाग्रोसचे हात थांबले. मकरंद लहान मुलासारखा रडला, बाहीनं तोंड पुसलं, पुन्हा रडला. मग त्यांना कळेल अशा भाषेत म्हणाला,

"मला नको हा नाच, पापा. ती सुटणार असेल तर मला नाही शिकायचा. नको मला."

पापा भिंतीवरच्या परकराकडं बघत होते.

"मलाही हा ढोल नको होता," ते म्हणाले. "ऊठ. सलाम कर."