करडी भिंत कोणी सर केली?

अमेरिकेत, उंच कड्यांनी वेढलेल्या एका दरीत ऑरिन नावाचा गिर्यारोहक राहत असे. उभ्या कातळावर चढणारी माणसं त्या काळी मोजकीच होती आणि त्यांत ऑरिनचं नाव सर्वांत मोठं. दरीतल्या जवळजवळ प्रत्येक कड्यावर पहिलं पाऊल त्याचंच पडलं होतं. सर्वांत अवघड कडा मात्र राहिला होता. लोक त्याला 'करडी भिंत' म्हणत.

एका सकाळी ऑरिन विल्माला घेऊन त्या कड्याला भिडला. विल्मा ही त्याची नेहमीची जोडीदार. दोघं एकाच दोराला बांधलेली असत. तो पुढे चढे, ती खालून दोर सांभाळी.

माथा अगदी जवळ आला आणि वाट खुंटली. डोक्यावर छपरासारखा कातळ आणि त्यात एक बारीक भेग. ऑरिनची जाड बोटं तिच्यात शिरेनात. तो पुन्हा पुन्हा घसरला, दोराला लोंबकळला.

"मी बघू का?" विल्मानं विचारलं. "माझी बोटं बारीक आहेत."

ऑरिन विचारात पडला. ती पुढे गेली, तर पहिला मान तिचा. मागे फिरलं, तर पुढच्या वर्षी आपल्याला पुन्हा येता येईल. पण विल्माचे डोळे चमकत होते. ते पाहून त्याला हसू आलं.

"जा," तो म्हणाला. "पडलीस तर मी धरीन."

विल्मानं भेगेत बोटं रुतवली, अंग वर खेचलं आणि ती दिसेनाशी झाली. ऑरिननं दोर घट्ट धरला. मग वरून आनंदाची आरोळी आली. तिनं वरून दोर ताणून धरला, तेव्हा कुठे तो माथ्यावर पोचला.

दोघं खाली उतरली, तेव्हा तिथे गाव गोळा झालं होतं. लोकांनी ऑरिनला खांद्यावर घेतलं. "शाब्बास! करडी भिंतही जिंकलीस!" वर काय घडलं, हे कोणीच पाहिलं नव्हतं. विल्मा बाजूला उभी राहिली. बाई पुढे चढते, यावर तेव्हा कोण विश्वास ठेवणार?

"अरे, खाली उतरवा मला!" ऑरिन ओरडला. "चुकीच्या माणसाला उचललंत. पहिली चढली ती विल्मा. मला तर तिनं बटाट्याच्या पोत्यासारखं वर ओढलं!"

गाव खो खो हसलं. पुढच्याच क्षणी विल्मा लोकांच्या खांद्यावर होती आणि टोप्या हवेत उडत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात दूरदूरच्या मुली दोर घेऊन दरीत आल्या. विल्मा त्यांना चढायला शिकवी आणि ऑरिन खाली उभा राहून त्यांचे दोर धरी. त्या वर्षी त्यानं एकही नवा कडा सर केला नाही. पण त्याला इतकं खूश कोणी कधी पाहिलं नव्हतं.

तात्पर्य: दुसऱ्याचं श्रेय मोकळ्या मनानं त्याला द्यावं, त्यानं आपला मान कमी होत नाही, आनंद मात्र वाढतो.