उंबरावरच्या दोन ढोली

मुलांनो, ओढ्याकाठच्या एका रानात उंबराचे जुने झाड होते. त्याच्या खालच्या ढोलीत एक खार राहत असे आणि वरच्या ढोलीत एक साळुंकी. त्या वर्षी दोघींनाही आपापले घर विकायचे होते. साळुंकीला माहेरच्या थव्याजवळ जायचे होते. खारीची लेक ओढ्यापलीकडच्या जांभळावर बाळंत व्हायची होती आणि तिच्या शेजारची ढोली नेमकी रिकामी झाली होती. लेकीच्या उशाशी बसायला मिळावे म्हणून खार दर सोमवारी उपास धरून देवाला विनवीत असे. आधी इथली ढोली विकून सुक्या बोरांची रास हाती यायला हवी होती, तरच तिथली ढोली घेता येणार होती.

त्या रानात घर विकायचे म्हणजे कावळ्याला सांगायचे, अशी रीत होती. कावळा गिऱ्हाईक आणी, गोड बोले आणि आलेल्या बोरांतला चौथा हिस्सा घेऊन जाई. साळुंकी मात्र म्हणाली, "कावळेदादा, राग मानू नका. माझं घर मीच दाखवीन. त्यात राहिलेय मी, तुम्ही कुठे राहिलाय?" हे ऐकून खारही ताठ झाली. "तिला जमतं, मग मला न जमायला काय झालं? मलाही तुमची गरज नाही!"

खारीने ढोली लख्ख झाडली, दारावर कोवळ्या पानांचे तोरण बांधले. साळुंकीने तेही केले नाही. ती नुसती झाडाझाडांवर जाऊन सांगून आली. आणि काय सांगावे, रोज तिच्याकडे चारदोन पाहुणे! सगळे खारीच्या दारावरून वर जायचे. तिच्या तोरणाकडे कुणी मान वळवूनही बघायचे नाही. वरून हसण्याचे आवाज आले की खार उगीच तोरणाची पाने सारखी करी. 'दारात नुसत्या काड्यांचा पसारा,' ती मनात म्हणे, 'काय बघतात एवढं तिच्यात?'

एके सकाळी पोपट-पोपटीण आली. पोपटिणीने खारीलाच विचारले, "वहिनी, साळुंकीबाईंची ढोली हीच का हो?"

झाले! खारीच्या जिभेचा ताबा सुटला. "ती वरची. जा की, पण जपून हो. त्या ढोलीत साप येतो."

"अगंबाई, साप! कुठून येतो?"

"कुठून म्हणजे? या खोडावरून सरसर वर चढतो."

पोपटिणीने खाली पाहिले, वर पाहिले, मग खारीच्या दाराकडे पाहिले. "म्हणजे तुमच्या दारावरूनच जातो की हो! चला बाई, हे झाडच नको." आणि दोघे भुर्रकन उडून गेले.

दुसऱ्या दिवसापासून सापाची बातमी रानभर झाली, एका साळुंकीच्याच कानावर गेली नाही, आणि उंबराकडे कुणी फिरकेना. साळुंकी फांदीवर वाट बघत बसे आणि म्हणे, "खारुताई, माझ्या घरात काही खोट आहे का गं? खरं सांग." खार शेंग कुरतडत मान फिरवी. पहिल्या दिवशी तिला आतून बरेही वाटले. पण मग लेकीचा निरोप आला, "आई, ढोलीचा मालक पौर्णिमेपर्यंतच थांबणार आहे. मला तुझ्याशिवाय भीती वाटते गं." घाबरून खारीने कावळ्याला हाक मारली. तो खो खो हसला. "ताई, आता अर्धी रास दिलीत तरी नको. सापाच्या झाडावर गिऱ्हाईक नेलं तर मला दारात कोण उभं करील?"

सोमवार आला. पौर्णिमेला दोन दिवस उरले होते. खारीने हात जोडले आणि लगेच खाली घेतले. पोटाने उपास धरला होता आणि मन मात्र इतके दिवस शेजारणीचे सुख चघळत बसले होते. असा उपास देवापुढे कसा ठेवायचा? ती तडक वर चढली आणि साळुंकीला सगळे सांगून टाकले. साळुंकी एवढेच म्हणाली, "मी रोज माझंच घर हुंगत होते गं, काय चुकलं म्हणून."

ते ऐकून खार तिथे थांबली नाही. उघड्या माळावरून, घारीची भीती गिळून, ती पोपटांच्या चिंचेपाशी पोहोचली. "मी खोटं बोलले," ती धापा टाकत म्हणाली. "सात वर्षांत त्या झाडावर साप पाहिला नाही. तिच्याकडे पाहुणे येतात हे मला बघवलं नाही."

पोपट चिडला. "मग आता तरी खरं सांगा, कुठली ढोली चांगली?"

पौर्णिमा परवावर आली होती. तरी ती म्हणाली, "तिची. सकाळचं ऊन आधी तिच्या दारात येतं. माझ्या ढोलीत वारा शिरला की शिट्टी वाजते आणि उंबरं पिकली की पाखरांच्या कलकलाटाने डोळा लागत नाही. बाकी ऊब आहे, कोरडी आहे."

पोपट-पोपटीण पुन्हा आली. साळुंकीची ढोली बघितली आणि घेतली. खार खाली बसून बघत होती. तेवढ्यात पोपटीण खाली उतरली. "तुमची माझ्या बहिणीसाठी घेते. तिला कलकलाट आवडतो, तिची पिल्लंच सहा आहेत! बोरं उद्या पोहोचतील."

खारीला रडूच फुटले. साळुंकी पंख झटकत खाली आली आणि पोपटिणीला म्हणाली, "घर चांगलं मिळालंय तुम्हाला. फक्त खारुताई आज आहे तशी शेजारीण आता नाही मिळायची."

तात्पर्य : शेजाऱ्याच्या भल्यावर जळून त्याच्या घराला लावलेला डाग आपल्याही दाराला लागतो, तो पुसायचा तर आपली चूक आपल्याच तोंडाने कबूल करावी लागते.