दहावं निरोगी पोर

माझ्याइतका खरं बोलणारा माणूस पंचक्रोशीत सापडायचा नाही. हे एक खोटं झालं. आता बाकीचं ऐका.

एका गावात एक भोळा बाप होता. नाव भिवा. त्याची पोरगी सुगंधा, आठ वर्षांची, खारकेसारखी टणक. शेजारचा रतन तिचा दोस्त. रतन सहाचा झाला तरी बोलत नव्हता. अशी पोरं का बोलत नाहीत ते शोधायला शहरातनं डॉक्टरीणबाई आल्या आणि शाळेत बसल्या. ताडून बघायला त्यांना दहा निरोगी पोरंही हवी होती, आपल्या खुशीनं आलेली. नऊ मिळाली. दहावं शनिवारपर्यंत मिळालं नाही तर बाई दुसऱ्या गावाला जाणार.

सुगंधा म्हणाली, "बाबा, मी बसते. रतनसाठी."

गुरुवारी भिवा तिला घेऊन गेला.

"पोरगी कशी आहे?" बाईंनी विचारलं.

आता आपल्यात पोराला कुणी धडधाकट म्हणतं का? दृष्ट लागते! भिवा म्हणाला, "कसली हो! वाळून काडी झालीय. रात्रभर खोकते."

सुगंधा शेजारी उभी राहून दुसरी भाकरी खात होती.

बाई म्हणाल्या, "आहे तसं सांगावं. उद्या या."

घरी भिवाच्या बहिणीला बघायला पाहुणे आलेले. "मुलगी कशी आहे?"

भिवानं आहे तसं सांगितलं. "गुणाची आहे. घोरते मात्र एवढी, की म्हैस दावं तोडते."

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

शुक्रवारी सुगंधा लंगडी खेळत होती. डाव ऐन रंगात. भिवानं तिला तसंच उचलून नेलं. ती रडून लाल.

बाई म्हणाल्या, "अहो, तिची मर्जी विचारा. नाही म्हणाली तर हातसुद्धा लावायचा नाही. उद्या शेवटचा दिवस."

शनिवारी पहाटे भिवा म्हशीपुढं बसला. "काढू का दूध?" म्हशीनं माशी झटकायला मान हलवली. भिवानं चरवी पालथी घातली.

बायको कडाडली, "मेल्या, म्हशीला काय विचारतोस? तोंड मिटून काम कर!"

भिवानं तोंड मिटलं.

सुगंधा नाचत शाळेत आली. बाईंनी कागद पुढं केला. "नाव काय तुमचं?" भिवा गप्प. "बाबा, सांग की!" भिवा गप्प. पोराच्या नावाच्या चौकटीत त्यानं स्वतःचा अंगठा उठवला, पोराच्या खुर्चीत स्वतः बसला आणि समोरची लाकडी पाटी ओढली. गोल भोकात गोल, चौकोनात चौकोन, असला खेळ. चौकोन गोल भोकात जाईना. भिवानं बाहेरनं दगड आणला. पाटीचे दोन तुकडे झाले.

काम झालं, म्हणून त्यानं तोंड उघडलं. "बाई, भरली का तुमची निरोगी पोरं दहा?"

सुगंधा त्याला सदरा धरून खुर्चीतनं ओढत होती. बाईंनी नवा कागद काढला.

"उठा आधी, पोरीला बसू द्या. तीच पाटी मघाशी रतननं एका दमात लावली. तो कुठल्या यादीत ते मला ठाऊक आहे. तुम्ही कुठल्या, ते सांगा."