जाफरचं ताट

"पण देदे, जो रमजानात महापौरांच्या इफ्तारला जाऊन बसतो, तो अलेवी कसा?"

तुराबीने हे तिसऱ्यांदा विचारलं.

तुर्कस्तानातले अलेवी पंथाचे लोक रमजानचे उपास धरत नाहीत; आपल्या गुरूला ते देदे म्हणतात, म्हणजे आजोबा. वेली देदे इस्तंबूलच्या कडेला, टेकडीवरच्या वस्तीतल्या प्रार्थनाघरात बसले होते. थोड्या वेळाने तिथे गुरुवारची प्रार्थना व्हायची होती.

"जाफर तिथे जेवला का?" त्यांनी विचारलं.

"जेवला. फोटो आहे माझ्याकडे. आपले उपास मुहर्रमचे, आणि हा तिकडे खजूर चघळतोय. देदे, आज सगळ्यांसमोर एवढंच म्हणा की जाफर आपल्या वाटेवरचा राहिला नाही. बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे निवडणूक. या प्रार्थनाघराच्या छपरासाठी, विजेसाठी बारा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले तुराबीने, आणि पक्षाने नगरसेवकाचं तिकीट दिलं जाफरला. वर हे दोघे धर्मभाऊ. एकोणीस वर्षांपूर्वी याच देदेंसमोर त्यांनी शपथ घेतली होती, एकाचं ते दुसऱ्याचं. आता गल्लीत जाफरचं पोस्टर दिसलं की तुराबी वाट बदलायचा. पोटदुखी त्याची होती, ओवा मात्र त्याला धर्माकडून हवा होता.

"तिकीट तुला मिळालं असतं तर?" देदे म्हणाले.

"तर..."

तुराबीने फोटोचा फोन खिशात टाकला.

"तर मीही गेलो असतो इफ्तारला. पण मन मारून."

देदेंनी दिवे लावायला घेतले.

प्रार्थना झाली. दलिया आणि मटणाचा प्रसाद आला. सगळे गोल बसलेले, कुणाची पाठ कुणाकडे नाही; तुराबीच्या अगदी समोर जाफर. वाढपी एकाच पळीने प्रत्येकाला सारखं वाढत गेला. रीत अशी की सगळे राजी असल्याशिवाय कुणीही घास उचलायचा नाही.

"आपापल्या वाट्यावर राजी आहात?" देदेंनी विचारलं.

"राजी," सगळे म्हणाले.

तुराबीचे ओठ हलले नाहीत. देदेंनी ते पाहिलं.

"तुराबी, तुझा वाटा कमी आहे?"

"नाही."

"मग?"

तुराबीने ताट जरा पुढे सरकवलं.

"बोल."

"जाफरचा जास्त आहे."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

देदे उठले. आपलं ताट त्यांनी तुराबीच्या ताटात रिकामं केलं.

"आता?"

तुराबीची नजर समोरच होती, जाफरच्या ताटावर.

मग शेजारची सत्तर वर्षांची एलिफ उठली. तिनेही आपलं ताट त्याच्यापुढे ओतलं. तिच्यामागून एकेक जण येऊ लागला. ताटात मावेना, तेव्हा वाढप्याने मोठी थोरली परात आणून ठेवली. तुराबीचे कान लाल झाले होते, पण त्याच्या तोंडून "राजी" काही निघेना.

शेवटी जाफर आला.

"घे, भाऊ," तो म्हणाला.

आवाजात टोमणा नव्हता. म्हणूनच तुराबी जास्त जळला.

परात शिगोशीग भरली होती. शंभर ताटं रिकामी होती आणि शंभर माणसं उपाशी बसली होती.

देदेंनी त्याच्या हातात पळी दिली.

"वाढ."

तुराबी उठला. आधी देदेंना वाढलं, मग एलिफला, मग ओळीने सगळ्यांना. दोघे जण परात धरून त्याच्यासोबत सरकत होते. वाढता वाढता तो जाफरपुढे आला, आणि पळी परातीतच थांबली.

जाफरने ताट पुढे धरलं होतं. मान खाली होती.

तुराबीने एकदा परातीकडे पाहिलं, एकदा त्या ताटाकडे.

"देदे..."

"काय?"

"याला किती वाढू?"

"तुझे डोळे निवतील तेवढं."